बाजेवरची तालीम

माझ्या नवऱ्यानं मला तालीम दिली तेव्हा त्यांना स्वतःला कुशीवरही वळता येत नव्हतं. ते बाजेवर उताणे पडून सांगायचे आणि मी दार लावून त्यांच्यासमोर बैठका मारायचे. सासूबाई बाहेर ओसरीत बसायच्या. कोणी आलंच तर मोठ्यानं सांगायच्या, "सून न्हाऊन राह्यली. मंग या."

आमचं लग्न झालं तेव्हा ते चिखलीच्या धान्यबाजारात हमाल होते. महाराष्ट्र राज्य नवीन होतं. बाजारात मण जाऊन क्विंटल आला होता, पण पाठीवर ओझं घेणारे सगळे अजून मणातच बोलायचे. बाजाराच्या मागच्या बाजूला आमची एक खोली होती. ते पहाटे तालमीत जायचे, येऊन शिळी भाकर अन् दूध खायचे, आणि मग कामाला. दिवसभर पोतीच उचलायची तर आधी तालीम कशाला, असं मी नवी असताना विचारलं होतं. ते म्हणाले, "पोत्यानं आंग झिजते. तालमीनं भरते. दोन्ही पाह्यजे." कुस्तीच्या फडात ते फारसे उतरले नाहीत. जत्रेत नारळ जिंकून आणले असं कधी झालं नाही. रोज उठून तेच करायचं, यातच त्यांना गोडी होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही पहाटे जागा रिकामी होती, आणि मी घाबरून उठून बसले होते.

मी तेव्हा अगदी काडी. माहेरी सातवी झालेली, हाती लागेल ते वाचायची आवड, पण अंगात जीव नव्हता. भरलेली घागर कडेवर घेतली की वाटेत दोनदा टेकवायची. ते हसायचे. "तुले तं वाऱ्यापासून सांभाळून ठेवा लागते," म्हणायचे.

ज्वारीचा हंगाम होता. वखारीत पोत्यांची थप्पी लावलेली होती, छतापर्यंत. खालची रांग ओलसर जागेवर होती असं नंतर कळलं. ते पाठीवर पोतं घेऊन थप्पीच्या पायथ्याशी वाकले होते तेव्हा वरची पोती सरकली. त्यांच्याबरोबरचे लोक सांगत होते की आवाज फार मोठा झाला नाही, नुसती धप्प धप्प. पोती बाजूला केली तेव्हा ते शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं म्हणे, "माह्ये पाय कुठं दबले? काढा ना बे." पाय मोकळेच होते.

बुलढाण्याच्या दवाखान्यात ते कितीतरी दिवस होते. तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "बाई, कमरेखालचं आता परत येणार नाही. पण माणूस जगू शकतो. एका जागी पडू देऊ नका. कूस बदलत राहा, रोज उचलून बसवा, ऊन दाखवा. पाठीला जखम झाली तर ती भरत नाही." मी मान हलवली. त्यातलं 'माणूस जगू शकतो' एवढंच मी धरून ठेवलं, आणि बैलगाडीत त्यांना आडवं घालून आम्ही देऊळघाटला, त्यांच्या आईच्या घरी आलो.

घर मातीचं, धाब्याचं. आत एक खोली, बाहेर ओसरी, मागं परसात न्हाणी. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई आणि धाकटा दीर. सुरुवातीला सगळं दिरानं केलं. तो भावासारखाच रुंद. सकाळी त्यांना उचलून न्हाणीत न्यायचा, ओसरीत बसवायचा, दुपारी परत आत. मी फक्त पुसायची, धुवायची, भरवायची. पण घरात खाणारी तोंडं चार आणि परसातल्या भाजीच्या वाफ्यांवर किती भागणार? दिराला खामगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं. जाताना तो भावाच्या बाजेजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, नाही जात मी." ते म्हणाले, "जा. इथं बसून मले किती दिवस उचलत राह्यशीन?"

तो गेला त्याच सकाळी मी आणि सासूबाईंनी मिळून त्यांना उचलायचं ठरवलं. सासूबाईंनी पाय धरले, मी काखेत हात घातले. बाजेवरून उचलले गेले खरे, पण दाराच्या उंबऱ्यापाशी माझे हात थरथरायला लागले. मी "आत्याबाई, थांबा" म्हणेपर्यंत ते सुटले. खाली जमिनीवर पडले, आणि मी त्यांच्यावर. त्यांना लागल्याचं कळलंच नाही, कारण कमरेखालच्या अंगावरच आपटले होते. हे कळलं नाही म्हणूनच मला जास्त रडू आलं.

परत बाजेवर घ्यायला कोणी नव्हतं. गल्लीतले पुरुष शेतात गेलेले. आम्ही त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि ते तिथंच, उंबऱ्यात, पडून राहिले. दुपारची भाकर त्यांनी तिथंच खाल्ली. मी भरवत होते आणि माझं रडणं थांबत नव्हतं.

"काऊन रडून राह्यली?"

"मले नाही उचलल्या जात तुमाले. काय करू मी?"

त्यांनी माझा दंड धरला आणि बाजारात बैल बघतात तसा चाचपला. बाजेवर पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी काम सापडल्यासारखं दिसलं.

"उचलल्या जाईन," ते म्हणाले. "मी शिकवतो. पण रोज करा लागन. एक दिवस बी खाडा नाही."

संध्याकाळी शेजारच्यांनी त्यांना उचलून बाजेवर ठेवलं, आणि पुढचे कितीतरी महिने त्यांना उचलणं शेजारच्यांच्याच सवडीवर राहिलं. दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली.

तालीम म्हणजे काय, तर एक बंद दार. मुदगल नाही, हौदा नाही, लाल माती नाही. घरात जे होतं ते त्यांनी पडल्या पडल्या डोळ्यांनी शोधलं. फुटलेल्या जात्याची वरची दगडी पेड मागं पडली होती, ती आत आणवली. तुळईला दोर बांधून घेतला. एक गोणपाटाचं पोतं मागवलं आणि नदीवरून आणलेली रेती त्यात ओंजळभर टाकायला सांगितली. मी म्हटलं, "एवढीशी?" ते म्हणाले, "आज एवढीशीच. आज जे जमते त्याच्यापेक्षा कमीच करजो, म्हंजे उद्या यायची इच्छा राहीन."

पहिल्या आठवड्यात बैठका मारताना माझ्या मांड्या अशा भरून आल्या की चुलीपुढं बसलं तर उठता येईना. सासूबाई मला हात धरून उठवायच्या आणि लेकाला ऐकू जाईल असं पुटपुटायच्या, "पोराचं तं गेलंच. आता पोरीले बी लंगडी करून ठेवतो." त्यांना सुनेनं असलं काही करणं पटत नव्हतं. पण उंबऱ्यात पडलेला मुलगा त्यांनीही पाहिला होता, त्यामुळे त्यांनी अडवलं नाही. उलट काही दिवसांनी एक वाटी भिजवलेले हरभरे माझ्यापुढं सरकवले आणि म्हणाल्या, "तो म्हणे हे खा लागते."

ते एक एक गोष्ट समजावून सांगायचे. ओझं अंगाशी घ्यायचं, लांब धरलं की तेच ओझं दुप्पट होतं. उचलायचं पायांनी, कंबर वाकवायची नाही. श्वास कोंडायचा नाही. कंबरेवर त्यांचा फार कटाक्ष. मी जरा वाकले की बाजेवरून ओरडायचे, "कंबर! कंबर सांभाळ! माह्यी गेली, तुह्यी जाऊ नाही देनार." हिवाळ्यात हात गार पडले, तापानं अंग मोडलं, माहेरची माणसं आली, तरी खाडा नाही. फार थकलेली असले तर म्हणायचे, "दोनच मार. पण मार." त्या दोन मारायला उठायचे आणि उठलं की चार व्हायच्या.

त्यांनी स्वतःसाठीही नियम लावून घेतला. मी बैठका मारायचे तेव्हा ते तुळईचा दोर धरून छाती उचलायचे, खाली सोडायचे, परत उचलायचे. पहिल्यांदा मानेपर्यंतच यायचे. हळूहळू पाठ बाजेवरून सुटायला लागली. त्यांचे दंड परत फुगले. तेव्हा आम्ही दोघं सकाळी त्या अंधाऱ्या खोलीत घाम गाळायचो, आणि खरं सांगायचं तर आमच्या संसारातले तेवढेच दिवस मला सुखाचे म्हणून आठवतात. एकदा ते दोराला लोंबकळत असताना मला म्हणाले, "पाह्य, अंगठा हालला का?" मी पाहिलं. अंगठा हलला नव्हता. मी म्हटलं, "अंधार हाय, दिसत नाही."

त्यानंतर ते रोज विचारायला लागले. मला कळून चुकलं की ते स्वतःशी काहीतरी हिशेब मांडत होते. माझ्यासारख्या काडीच्या अंगावर रोज थोडं थोडं करून मांस चढतं, तर मेलेल्या पायांतही रोज थोडं थोडं करून जीव का येणार नाही? डॉक्टर काय म्हणाले होते ते मी त्यांना कधी पूर्ण सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी पूर्ण विचारलं नव्हतं. मग एक दिवस त्यांनी अंगठ्याचं विचारणं बंद केलं. दोर ओढणं चालू होतं, पण तोंड भिंतीकडं असायचं.

पोत्यातली रेती वाढत गेली. शेवटी त्यांनी सांगितलं, "आता भर घालू नको. मी इतकाच जड होतो. हे पोतं उचलून बाजेवरून ओसरीत नेशीन, त्या दिवशी मले उचलजो." कितीतरी दिवस ते पोतं हललं नाही. मग जमिनीपासून सुटलं. मग गुडघ्यापर्यंत आलं. होळीच्या सुमारास मी ते पोतं मिठीत घेऊन दोन खेपा केल्या आणि ओसरीत ठेवून धापा टाकत उभी राहिले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आतून आवाज आला, "आता मले."

मी आत गेले. एक हात त्यांच्या गुडघ्यांखाली, एक पाठीखाली. अंगाशी घेतलं, पाय रोवले, आणि उठले. त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला होता. मी त्यांना ओसरीत नेऊन भिंतीला टेकवून बसवलं. घाम पुसला. मला हसू येत होतं. त्यांच्याकडं पाहिलं तर ते रस्त्याकडं बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "आता काऊन?" ते म्हणाले, "काही नाही. चांगलं उचललं." मग म्हणाले, "बायकोनं उचलून आणून ठेवलं म्हंजे माणूस कसा बसते, ते मले माहीत नव्हतं."

त्यानंतर रोज मीच उचलायला लागले. सकाळी न्हाणीत, मग ओसरीत उन्हाला, दुपारी आत. गल्लीत बायका बोलायच्या. विहिरीवर एकजण माझ्या दंडाकडं बघून दुसरीला म्हणाली, "बाई हाय का बाप्या?" मला चोळ्या घट्ट व्हायला लागल्या होत्या. माझ्या अंगाची मला लाजही वाटायची आणि आधारही वाटायचा.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना उचलणं सोपं होत गेलं. मला वाटलं, ताकद वाढली. मी ते त्यांना सांगायचे आणि ते म्हणायचे, "वाढणारच. खाडा नाही ना केला." पण तालीम चालू होती, रोज ते रेतीचं पोतंही उचलत होते, आणि पोतं काही तितकं सोपं झालं नव्हतं. एक दिवस पोतं ठेवून लगेच त्यांना उचललं तेव्हा माझ्या हातांना फरक कळला. पोतं जड होतं. माणूस हलका होता. त्यांच्या कमरेखालचं मांस तर गेलंच होतं, पण आता पाठीचे मणके माझ्या हाताला मोजता येतील असे लागत होते. दंडही उतरले होते, दोर ओढण्याचं त्यांनी कधी सोडलं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहून ओळखलं. विचारलं, "पोतं जड का मी?"

"तुमी."

"खोटं बोलू नको वं. मले वजनाचं सांगते?"

मी सासूबाईंना विचारलं, हे जेवतात ना नीट? त्या म्हणाल्या, ताट तर रिकामं येते. खरंच रिकामं येत होतं. त्यांची सकाळची भाकर मी ओसरीत त्यांच्या हाताशी ठेवायचे आणि परसात धुण्याला जायचे. ओसरीच्या खांबाला आमची बकरी बांधलेली असायची. त्या दिवशी मी धुणं अर्ध्यात टाकून परत आले. ते भाकरीचा तुकडा मोडून बकरीच्या तोंडाशी धरत होते. बकरीला सवयीचं होतं. तिनं मान पुढं केलेलीच होती.

मी ओरडले नाही. जवळ जाऊन बसले. त्यांनी हात मागं घेतला नाही.

"किती दिवसापासून?"

"होळीपासून."

"काऊन पण?"

"तू मले उचललं ना पहिल्यांदा, तवा तुह्यं काळीज ऐकू आलं मले. धाडधाड वाजत होतं. म्या म्हटलं, ही रोज असं किती दिवस करन? मी हलका झालो तं तुले बरं पडन."

"तुमाले उचलासाठीच तं ताकद केली म्या!"

"हाव ना. तू तुह्या बाजूनं केली. मी माह्या बाजूनं."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. मग मात्र मी फार बोलले. जे तोंडात आलं ते बोलले. मला वाऱ्यावर सोडून मरायचं आहे का, मी काय बकरीसाठी चूल फुंकते का, असं सगळं. सासूबाई येऊन बसल्या आणि काय झालं ते कळल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. आईच्या रडण्यानं ते हलले. म्हणाले, "खातो. आजपासून खातो. रडू नका."

त्यांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला. मी पुढ्यात बसून भरवायचे. पण पोट आकसलं होतं. दोन घास जास्त झाले की उलटी व्हायची. भाताची पेज, मुगाचं पाणी, बकरीचं दूध, जे जाईल ते. आणि त्याच सुमारास त्यांच्या कमरेच्या हाडाजवळ कातडी लाल झाली. हाडावर मांस नव्हतं, नुसती कातडी बाजेच्या सुतळीला घासत होती. डॉक्टर म्हणाले होते ती जखम हीच. मी दिवसातून कितीदा कूस बदलायचे, कापडाच्या घड्या घालायचे, हळद लावायचे. जखम भरली नाही. खोल गेली.

श्रावणात ताप आला. लघवी रक्तासारखी व्हायला लागली आणि ते मधूनच बाजारातल्यासारखं बोलायला लागले, "सरक बे, पाठ दे, पाठ दे." दवाखान्यात न्यायला हवं होतं. गल्लीपासून एस.टी.च्या रस्त्यापर्यंत काळ्या मातीचा चिखल होता, बैलगाडी चाकापर्यंत रुतली असती. मी त्यांचं धोतर घेऊन त्यांना माझ्या पाठीशी बांधलं, लहान मूल बांधतात तसं, आणि निघाले. सासूबाई पावसासाठी डोक्यावर पोतडी धरून मागून येत होत्या. चिखलात पाय काढताना मी घाई करत होते तेव्हा माझ्या कानाशी आवाज आला, एकदम शुद्धीतला. "पाय पुरा टेकव. मंग दुसरा उचल. घाई नको." मी तसंच केलं. रस्त्यापर्यंत मी एकदाही टेकले नाही. एवढी ताकद माझ्यात होती. तेच ऐकू यावं म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "पाह्यलं का? नाही टेकली." पण ते परत बाजारात गेले होते.

बुलढाण्याला या वेळी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी जखम पाहिली, पोट दाबलं, नळी घातली. मला म्हणाले, "मूत्रपिंडं बिघडली आहेत. विष रक्तात गेलं." मग पांघरूण खाली करून छातीच्या फासळ्या बघत राहिले. "यांच्या अंगावर झुंजायला काहीच उरलं नाही. हे जेवत नव्हते का?"

काय सांगणार? मी तिथं उभी होते, भरल्या अंगाची, रुंद खांद्यांची. डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि काय समजायचं ते समजले असतील.

काही दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. परत येताना पाऊस उघडला होता. एस.टी.तून उतरून मी त्यांना उचललं. पाठीला बांधायची गरजच नव्हती. मी त्यांना दोन हातांवर आडवं घेऊन आले, आणि घर येईपर्यंत माझा श्वाससुद्धा वाढला नाही. तेव्हाइतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

ते पोळ्याच्या आधी गेले. दुपारी कूस बदलायला मी उचललं तेव्हा मान मागं पडली. मी तशीच धरून बसले. सासूबाईंनी विचारलं, "झोपला का?" मी म्हटलं, "हाव." त्यांना ते कळायला थोडा वेळ लागावा एवढंच मला वाटत होतं.

दीर खामगावहून आला, सगळं झालं, माणसं पांगली. मग घरात आम्ही दोघीच उरलो. तेराव्यानंतर एका सकाळी मी उठले तर माझ्या मांड्या आपोआप ताठ होत होत्या. अंगाला त्या वेळेची सवय लागली होती. मी पांघरूण तोंडावर ओढून पडून राहिले. भूक लागायची तीही तशीच, तालमीतल्या माणसाची. दुःखानं अन्न जात नाही असं बायका सांगतात. मला अन्न जायचं. मी सासूबाईंच्या नजरेआड बसून भाकरी खायचे आणि घास गिळताना मला ती बकरीपुढं धरलेली बोटं दिसायची. सासूबाई आणखी बरेच दिवस हरभरे भिजत घालत राहिल्या. मी खायचे नाही. वाटीत त्यांना मोड यायचे आणि त्या ते मोड बकरीला न घालता परसात नेऊन पुरायच्या. पोत्यातली रेती त्यांनीच न्हाणीच्या वाटेवर पसरली.

ताकद लगेच जात नाही. येताना जशी हळूहळू येते तशीच जाते. गल्लीत कोणाचं काही जड अडलं की मला बोलवायला लागले. जात्याची पेड बदलायची, धान्याची कोठी सरकवायची. मी जायचे, करायचे, परत यायचे.

पुढच्या वर्षी आमच्या मागच्या घरातल्या म्हाताऱ्याला लकवा मारला. एक बाजू पूर्ण गेली. त्यांची सून माझ्याच वयाची, दोन लेकरांची आई. ती आमच्या ओसरीत येऊन उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, "माय, एक डाव येतं का? मामंजी पडले, उचलल्या नाही जात." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

मी गेले. म्हातारा न्हाणीच्या दगडावर पडला होता, ओला, डोळे उघडे. मी पाय रोवले, कंबर ताठ ठेवली, हात घातले आणि त्याला अंगाशी घेतलं.

तो जड होता. खात्यापित्या माणसाचं वजन. पाठीला मांस, कुल्ह्यांना मांस, माझ्या हातांवर सगळं भरून आलेलं. मला तो दगडावर परत टाकून द्यावा असं वाटलं. एवढा जड असायला या म्हाताऱ्याला काय हक्क होता? मी दात आवळून त्याला बाजेपर्यंत नेलं, नीट ठेवलं, पाय सरळ केले. त्याची सून माझे हात धरून काहीतरी बोलत होती. मी हात सोडवून घेतले आणि आमच्या परसात येऊन भिंतीला धरून उभी राहिले. रडू आलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी परत आली. तिच्या घरी उचलणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि तिचा दंड माझ्या पूर्वीच्या दंडासारखा होता. मी तिला बैठका शिकवू शकले असते. सगळं मला पाठ होतं. पण दार लावून तिला समोर उभं करायचं, "आज कमीच करजो" म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघेना. मीच जात राहिले. म्हातारा दोन पावसाळे जगला. रोज सकाळी मी त्याला उचलायचे, आणि रोज तो तेवढाच जड असायचा.